बदकांच्या थडग्यातली पट्टी

पट्टी तुम्ही बदललीत. नाही म्हणू नका. हात दुसऱ्याचा होता, थापी दुसऱ्याची होती, पण बदलली तुम्ही. आमची घरं पाडलीत तेव्हाही बुलडोझर भाड्याचाच होता. म्हणून काय ती बुलडोझरवाल्यानं पाडली?

एवढं बोलणं अबूदैफच्या घशात चार दिवस माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं होतं. ज्याला ते ऐकवायचं त्याचं नावही त्याला ठाऊक नव्हतं. नाईलच्या या पश्चिम काठावर ते कुणालाच ठाऊक नाही. तपासनीस बदलतो, शिपाई बदलतो, कागदावरचा शिक्का बदलतो, हुकूम कुणाचा म्हणून विचारलं की सगळे हनुवटी उचलतात आणि म्हणतात, "वरून आलंय." अल्लाहसुद्धा इतक्या वरून हुकूम सोडत नसेल.

अबूदैफ एकतीस वर्षं बदकांच्या थडग्यावर पहारेकरी. थडगं कुणा फेरोचं नाही. फेरोच्या तळ्यांचा कारभार बघणाऱ्या एका अंमलदाराचं. भिंतीवर तळं, तळ्यात बदकं, काठावर खजुराची झाडं, म्हणून गावानं त्याला हे नाव दिलं. अंमलदाराचं खरं नाव आत चाळीस ठिकाणी कोरलेलं आहे, आणि अबूदैफला ते वाचता येत नाही. त्याला अक्षरं येतच नाहीत, आकडे तेवढे येतात. पण आतली एक सही तो ओळखतो. आतल्या खोलीच्या दारावर, छत भिंतीला मिळतं तिथे, गिलाव्यात एक अंगठा उमटलेला आहे. तीन हजारांवर वर्षांपूर्वी कुणी गवंडी शिडीवरून घसरता घसरता ओल्या गिलाव्याला टेकला असेल. ना नाव, ना गाव, नुसता अंगठा. जो तळ्याचं पाणी फुकट प्याला त्याचं नाव चाळीस वेळा, आणि ज्यानं छत पेललं त्याचा एक अंगठा. तेव्हाही असंच होतं, आजही असंच आहे.

त्या अंगठ्यापासून हातभरावर भेग आहे. दारावरून निघते, छतातून आत जाते. अशा भेगेवर पट्टी लिंपायची पद्धत आहे. जिप्सम कालवायचं, वीतभर लांब आणि बोटभर जाड पट्टी भेगेवर आडवी थापायची, ओली असताना तारीख कोरायची. जिप्सम ठिसूळ असतं. डोंगर केसभर हलला तरी पट्टी तडकते. डोंगराला खोटं बोलता येत नाही, पट्टीलाही येत नाही. ते काम माणसांचं.

या भेगेवरची पट्टी सात वर्षांपूर्वीची. डोंगरावरची घरं पाडली त्याच्या पुढच्याच महिन्यात लिंपलेली. एकशेवीस घरं होती. अबूदैफचं घर तर थडग्याच्या बरोबर डोक्यावर, निळ्या रंगाचं. तुमच्या न्हाणीचं पाणी मुरतं, तुमच्या गाढवांचं मूत मुरतं, त्यानं फेरोंचा डोंगर विरघळतो, असं कागदावर लिहून आणलं होतं. ज्या डोंगरात आमच्या खापरपणज्यांनी पोरं जन्माला घातली तो डोंगर गाढवाच्या मुतानं विरघळतो! माणसं ट्रकात भरली आणि नव्या वसाहतीत नेऊन ओतली. तिथे सगळी घरं एका रंगाची, एका उंचीची, आणि चूल कुठे मांडायची हे बाईला नव्हे, इंजिनियरला विचारायचं.

तेव्हापासून जो पाहुणा येतो त्याला ही पट्टी दाखवतात. बघा, माणसं गेली आणि डोंगर थांबला. सात वर्षं पट्टी अखंड. म्हणजे ही पट्टी नुसती जिप्समची नव्हे. आमच्यावर ठेवलेल्या आरोपाचा तो पुरावा आहे.

आणि गेल्या बुधवारी अबूदैफला त्या पुराव्यावर एक रेघ दिसली. कोळ्याच्या धाग्याएवढी. त्यानं तपासनीस राफत बेला, म्हणजे राफतसाहेबांना, सांगितलं. राफत बे म्हणाला, "काका, तुमचे डोळे म्हातारे झालेत." गुरुवारी संध्याकाळी कुलूप लावून, तारेत शिशाचं सील दाबून अबूदैफ घरी गेला. शुक्रवारी कामाला सुट्टी. दारावर पहारा मात्र असतो. पण सकाळीच निरोप आला, नव्या ओळखपत्रासाठी फोटो काढायचा आहे, पलीकडच्या काठावर कचेरीत या. तो होडीनं गेला. कचेरी बंद. शुक्रवारी कुठली कचेरी उघडी असते? दुपारी परत आला तेव्हा कुलूप जागेवर, सील जागेवर. फक्त तार उजवीकडून पिळलेली होती, आणि अबूदैफ डावखुरा.

शनिवारी उजाडताच त्यानं दार उघडलं. थडग्याचं तोंड पूर्वेला. दगडावर आरसा टेकवला की पहिलं ऊन सरळ आत जातं. जनरेटर मजूर आल्याशिवाय चालू करत नाहीत, म्हणून पहिली पाहणी तो आरशावरच करतो. उजेडाचा तुकडा त्यानं बदकांवरून, खजुरांवरून सरकवत दारावर नेला. पट्टी अखंड होती. रेघ नाही, काही नाही. तीच तारीख, तोच रंग, धुळीनं पिवळट.

'झाले बाबा डोळे म्हातारे,' तो मनाशी म्हणाला. आणि मग त्याला मुंग्या दिसल्या.

एकामागे एक, भिंतीवरून, अंमलदाराच्या बायकोच्या रंगवलेल्या गालावरून, सरळ पट्टीवर.

मजूर आले. दहाजण, टायरच्या रबराच्या टोपल्या खांद्यावर. आतल्या खोलीच्या पोटात एक विहीरवजा खड्डा आहे, त्यातला राडा उपसायचं काम चाललं होतं. पंधरा दिवसांनी उद्घाटन, पाहुणे, फिती, कॅमेरे. त्या दहांत अबूदैफचा धाकटा भाऊ नोबी होता. चाळिशीचा, तोंडाचा सैल, हाताचा पक्का.

"नोबी, इकडे ये. हे काय?"

"मुंग्या."

"मुंग्या आहेत ते मलाही दिसतंय. चालल्यात कुठे?"

"मक्केला, उमऱ्याला. तूही जा, दादा. रांग लहान आहे."

अबूदैफनं शिडी लावली, वर चढला, बोट ओलं करून पट्टीवर फिरवलं आणि जिभेला लावलं. उतरला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता.

"गोड आहे."

दहाच्या दहा मजूर हसले. नोबी तर टोपलीवरच बसला. "अरे ऐका रे! माझ्या भावानं फेरोचं छत चाटलं! दादा, हे मी शलबियावहिनीला सांगणार. म्हणावं, घरी जेवायला देत जा त्याला."

"चहा आहे तो, गाढवा. साखरेचा चहा. कुणीतरी नव्या पट्टीला जुना रंग यावा म्हणून चहा फासलाय, वर धूळ मारलीय."

हसणं थांबलं. पण फार वेळ नाही. नोबीनं टोपली उचलली. "दादा, पट्टी नवी असो की जुनी. मला खाली राडा आहे आणि घरी चार तोंडं. तुझ्या मुंग्यांना सांग, माझ्या डब्यापासून लांब राहा." आणि तो खड्ड्यात उतरला. त्याच्यामागे नऊजण.

अबूदैफ दारात उभा राहून त्यांच्या डोक्यावरच्या छताकडे बघत राहिला. पट्टी खोटी असेल तर डोंगर हलतोय. डोंगर हलत असेल तर त्याच्या आईच्या पोटचा पोर त्या डोंगराच्या जबड्यात उतरलाय. एवढा साधा हिशेब. त्याला अक्षरं लागत नाहीत.

राफत बे दहा वाजता आला. काळा चष्मा, एका हातात फोन, दुसऱ्या हातात दुसरा फोन.

"बे, पट्टी बदललीय."

"कुणी सांगितलं?"

"मुंग्यांनी."

राफत बेनं चष्मा कपाळावर चढवला. "वा! मग अहवालात लिहू? 'मुंग्यांच्या तोंडी साक्षीवरून...' काका, सही कोण करणार, राणी मुंगी?"

"हसा. पण खाली दहा माणसं आहेत. बुधवारी रेघ होती, शनिवारी नाही. जिप्सम काय रात्रीतून जखम भरून घेतं?"

राफत बेचं हसू तसंच राहिलं, पण आवाज खाली आला. "किल्ली कुणाकडे असते, काका?"

"माझ्याकडे."

"सीलची पकड?"

"एक माझ्याकडे. एक तुमच्या कचेरीत."

"कचेरीचं सोडा. तुम्ही गुरुवारी सील केलंत, शनिवारी तुम्हीच फोडलंत. आता समजा, समजा हं, आत काही बदललेलं सापडलं. तर पहिला प्रश्न कुणाला विचारतील?"

"शुक्रवारी तुम्हीच मला फोटोला पाठवलंत."

"मी? कागद आहे?"

कागद नव्हता. निरोप तोंडी आला होता. अशा गोष्टी नेहमी तोंडीच येतात. कागदावर फक्त गाढवाचं मूत येतं.

"तुम्ही म्हातारे झालात, काका," राफत बे निघता निघता म्हणाला. "निवृत्तीला वर्ष राहिलंय. शांतपणे बसा. चहा प्या."

चहा प्या! अबूदैफला वाटलं, हा शब्द यानं मुद्दाम टाकला का? त्या दिवसापासून त्याला सगळंच मुद्दाम वाटायला लागलं.

दुपारी मजूर जेवायला बाहेर बसले. उन्हात फुगवलेला पाव, कांदा, जुनं खारं चीज. अबूदैफ जेवला नाही. दुरुस्तीवाल्यांच्या पिशवीतून त्यानं मूठभर जिप्सम घेतलं, चहाच्या ग्लासात कालवलं आणि शिडी चढला. दाराच्या आतल्या अंगाला, जिथे राफत बे कधी मान वळवत नाही, तिथे त्याच भेगेवर त्यानं स्वतःची पट्टी थापली. लहान, वाकडी. खिळ्यानं आजची तारीख कोरली, सहीऐवजी अंगठा दाबला. पुराणवस्तूला परवानगीवाचून हात लावला की तुरुंग आहे, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? एकतीस वर्षं तो दुसऱ्यांना तेच सांगत आला होता.

उतरताना त्याची नजर पुन्हा खोट्या पट्टीवर गेली, आणि त्याचा पाय पायरीवर थांबला.

पट्टीच्या कोपऱ्यात अंगठा होता.

तो असणारच. सात वर्षांपूर्वीची मूळ पट्टी ज्यानं लिंपली तो शाझली उस्ताद, कुफ्त गावचा गवंडी. खापरपणज्यापासून उत्खननात असलेल्या घराण्यातला. त्यानं दारावरचा तो प्राचीन अंगठा पाहिल्यापासून आपल्या प्रत्येक पट्टीच्या कोपऱ्यात अंगठा दाबायची सवय लावून घेतली होती. म्हणायचा, "त्या भावाला एकट्याला वाटू नये म्हणून." पण या ठशात चंद्रकोरीसारखी एक खाच होती. ती खाच दोन वर्षांपूर्वीची. थापी निसटून शाझलीचा अंगठा हाडापर्यंत चिरला होता, आणि त्यात कॉफीची पूड भरून फडकं बांधणारा माणूस अबूदैफच होता. मग सात वर्षांपूर्वीच्या तारखेच्या पट्टीवर दोन वर्षांपूर्वीची जखम कशी?

म्हणजे बनावट करायला कुणी भामटा आला नव्हता. शाझली आला होता. ज्याच्या पोराच्या लग्नात अबूदैफनं काठी फिरवून नाच केला, तो शाझली.

रविवारी काम सुटल्यावर तो मायक्रोबसनं कुफ्तला गेला. शाझली ओट्यावर सतरंजी टाकून बसला होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात मिस्कीलपणा.

"कोण? अबूदैफ? ये. मी मेलो का बघायला आलास?"

"मेला असतास तर बरं झालं असतं. माझा संशय तरी तुझ्याबरोबर पुरला असता."

शाझली आत वळून ओरडला, "सूनबाई, चहा! पाहुण्याला साखर जास्त, तोंड कडू घेऊन आलाय."

चहा आला. काळा, दाट, तळाशी साखरेचा थर. अबूदैफनं ग्लासाला हात लावला नाही.

"आधी अंगठा दाखव."

शाझलीनं हात झग्याच्या बाहीत ओढून घेतला. मग, चोरी पकडलेलं पोर दाखवतं तसा, हळूच पुढे केला. चंद्रकोर तिथेच होती.

"कोण आलं होतं?" अबूदैफनं विचारलं.

"राफत आणि दोघे. मोठी गाडी. तुला काठापलीकडे पाठवलंय म्हणाले."

"आणि तू गेलास. शिडी चढलास. या वयात."

"माझी दोन्ही पोरं उत्खननाच्या यादीवर आहेत. यादीतून नावं कमी होतील म्हणाले. कुफ्तच्या माणसाचं नाव यादीतून गेलं की तो काय करतो, माहीत आहे तुला? शेत नाही आम्हाला. फावडं आहे आणि यादी आहे." त्यानं घोट घेतला. "उद्घाटन झालं की आधाराचे खांब लावू म्हणाले. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे म्हणाले."

"खाली दहा माणसं आहेत. त्यांतला एक नोबी आहे. तुझ्या मांडीवर मुतलेला नोबी."

"माहीत आहे."

"माहीत असून?"

"माहीत असून!" शाझली एकदम ओरडला, आणि आतली भांड्यांची खळखळ थांबली. "आता काय, मारतोस मला? मार."

अबूदैफनं मारलं नाही. त्याला एकच गोष्ट हवी होती. "साखरेचा चहा का फासलास? एवढी अक्कल नाही तुला, मुंग्या येतील म्हणून?"

"माझ्या घरात बिनसाखरेचा चहा कुणी पाहिलाय? किटलीत होता तो फासला."

"आणि अंगठा? तारीख सात वर्षांची आणि अंगठा आजचा?"

"सवय."

"सवय का मुद्दाम?"

शाझलीनं मोतीबिंदूचा डोळा त्याच्याकडे केला. त्या डोळ्यात काही वाचता येत नाही. म्हातारा मुद्दाम तोच पुढे करतो. "हाताला विचार," तो म्हणाला.

मग तो उठला, धान्याच्या माठामागून एक फडकं काढलं आणि अबूदैफच्या मांडीवर ठेवलं. आत जुन्या पट्टीचे दोन तुकडे होते. एका तुकड्यावर तारीख. दुसऱ्यावर अंगठा, धड, खाच नसलेला. शाझलीनं दोन्ही तुकडे जोडून धरले. "मी काढायच्या आधीच दुभंगली होती. ही कड बघ. आतपर्यंत धूळ गेलीय. ताजी तुटली असती तर पांढरी असती. भेगेत आता नखाची कड जाते. कालव्यात फेकून दे म्हणाले होते."

"मग फेकली का नाहीस?"

"हेही हातालाच विचार."

मायक्रोबसमध्ये ते फडकं झग्याच्या आत, पोटाशी धरून अबूदैफ बसला, आणि वाटेत पोलिसांची चौकी दिसताच त्याच्या मनात नवाच विंचू चालू लागला. शाझलीनं हे तुकडे मला का दिले? थडग्यातली वस्तू, पहारेकऱ्याच्या पोटाशी. झडती आता इथेच झाली तर? राफतनंच त्याला सांगितलं असेल तर, की येईल तो, दे त्याच्या हातात? पोलिसानं खिडकीतून डोकावून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अबूदैफला वाटलं, माझ्याकडे जरा जास्तच पाहिलं. गाडी सुटली. घरी पोचेपर्यंत त्यानं आयुष्यभराच्या मित्राला तीनदा निर्दोष सोडलं आणि तीनदा फाशी दिली.

शलबियानं ताट वाढलं. तो जेवेना. "छत चाटून पोट भरलं का?" ती म्हणाली. म्हणजे नोबीनं सांगितलं होतं. मग तिनं फडक्यातले तुकडे पाहिले, आणि तिचा आवाज बदलला. "आपलं घर पाडलं तेव्हाची का ही?"

"त्याच्या पुढच्या महिन्यातली."

"मग आता कुणाच्या न्हाणीचं पाणी मुरतंय तिथे?" तिनं विचारलं. हा प्रश्न त्यानं जपून ठेवला.

सोमवारी सकाळी त्याची वाकडी पट्टी धड होती. त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. आपणच वेडे झालो की काय? नोबी म्हणालाच, "मग? डोंगर पडला का? सरक, दादा, उजेड अडवू नकोस." दुपारी डोंगराच्या पायथ्याशी रोलर पुन्हा सुरू झाला. पाहुण्यांच्या बसगाड्या थेट वरपर्यंत याव्यात म्हणून नवा रस्ता करत होते. दोन आठवडे खडीवाचून थांबलेलं काम. रोलर थरथरायचा तेव्हा अबूदैफच्या ग्लासातल्या चहावर बारीक वर्तुळं उठायची. एकशेवीस घरांच्या न्हाणीनं अशी वर्तुळं कधी उठवली नव्हती.

मंगळवारी उजाडताच त्यानं आरसा लावला, आत गेला, मान वळवून दाराच्या आतल्या अंगाला पाहिलं.

पट्टी दुभंगली होती. मधोमध, तारखेच्या दोन आकड्यांमधून. त्यानं फटीत नखाची कड घातली. गेली.

तो बाहेर आला. लोखंडी दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेच्या दोरीला बांधली आणि दाराला पाठ लावून बसला.

मजूर आले. नोबी पुढे होता. "उघड."

"नाही."

"दादा, आज वरचे साहेब पाहणीला येणार आहेत. उघड. थट्टा बास."

"माझी पट्टी तुटली. तीन दिवसांत."

"तुझी पट्टी! तू काय गवंडी आहेस? वाकडी लावली असशील." नोबीचा चेहरा लाल झाला होता. "खरं सांग. तुला वर्षभरात घरी बसायचंय म्हणून आमचीही चूल विझवतोस का? की राफतनं तुला काही कबूल केलंय? कालपरवा कुफ्तला कशाला गेला होतास?"

सख्खा भाऊ. पण संशय एकदा घरात शिरला की ताट कुणाचं ते बघत नाही. अबूदैफ उठला नाही, ओरडला नाही. त्यानं फडकं सोडलं आणि दोन तुकडे नोबीच्या टोपलीत ठेवले. "शाझलीचा अंगठा आहे, खाच नसलेला. आत आहे तो खाच असलेला. बाकी तू बघ. तुला वाचता येतं."

नोबीनं तुकडे उलटेपालटे केले. तारीख वाचली. जोडले, वेगळे केले. पुन्हा जोडले. मग त्यानं टोपली जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसला. त्याच्यामागे एकेक करत नऊ टोपल्या खाली आल्या.

तेवढ्यात गाड्या आल्या. राफत बे पुढच्या गाडीतून उतरला तो धावतच मागच्या काळ्या गाडीचं दार उघडायला गेला. आतून एक गृहस्थ उतरले. पन्नाशीचे, बूट इतके चकचकीत की त्यांत डोंगर दिसावा. राफत बेनं त्यांचं नाव घेतलं नाही, नुसतं "साहेब, इकडून, साहेब." अबूदैफला वाटलं, मी उगाच चार दिवस आभाळाकडे बघत होतो. वर म्हणतात ते हे. एवढ्याच उंचीचं आहे.

"दार बंद का?" साहेबांनी राफतला विचारलं.

"उघडा, काका," राफत बे दातांतून म्हणाला.

"उघडतो. आधी ऐका." आणि घशात अडकलेलं ते वाक्य बाहेर पडलं. "पट्टी तुम्ही बदललीत. आमची घरं पाडलीत तेव्हा म्हणालात, आमच्या पाण्यानं डोंगर हलतो. सात वर्षं झाली, वर एक गाढव नाही. तरी डोंगर हलतोय, मी शनिवारी थापलेली पट्टी आज दुभंगली. ते दिसू नये म्हणून म्हाताऱ्याच्या पोरांचं नाव पुढे करून त्याला शिडीवर चढवलंत."

राफत बे पुढे झाला. "साहेब, हा माणूस भ्रमिष्ट आहे. आणि यानं स्मारकाला हात लावलाय, स्वतः जिप्सम थापलंय, मला आत्ता कळतंय. हा गुन्हा आहे."

"आहे," अबूदैफ म्हणाला. "मी केला. माझा अंगठा आहे त्यावर, जा बघा. मला न्या तुरुंगात, पावाचं फडकं बायकोनं बांधून दिलंय. पण आधी साहेबांनी बोलावं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग अत्यंत सौम्य, कमावलेल्या आवाजात म्हणाले, "हे पाहा, बाबा, तज्ज्ञांचा अहवाल आहे. छत सुरक्षित आहे."

"सुरक्षित आहे?"

"पूर्णपणे."

अबूदैफनं कमरेची किल्ली सोडली, कुलूप काढलं आणि दार सताड उघडलं. सकाळचं ऊन आरशावरून आत गेलं, बदकांवर पडलं. खाली पायथ्याशी रोलर सुरू झाला, आणि दगडावर ठेवलेल्या त्याच्या ग्लासात वर्तुळं उठली. त्यानं तो ग्लास उचलला आणि साहेबांपुढे धरला.

"साखर घातलेली आहे. आत चला. खड्ड्यात उतरा, माझा भाऊ बसतो तिथे बसा, आणि हा चहा संपेपर्यंत बसून राहा. मीही शेजारी बसतो. तुम्ही बाहेर आलात की हे दहाजण आत जातील, एक शब्द बोलणार नाहीत."

साहेबांनी ग्लास घेतला नाही. राफत बेनं पायाखालच्या मुरुमाकडे पाहिलं. टोपल्यांवरचे दहाजण त्या चकचकीत बुटांकडे बघत होते, आणि बूट जागचे हलत नव्हते.

"बोला ना, साहेब. चहा गार होतोय. बसता का त्या छताखाली, की नाही?"